प्रेशर कमी येतंय म्हणून लगेच टर्बो बदलू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही कळेल. २०१५ ची गाडी, १.३ लिटरचं ९० पीएसचं डिझेल इंजिन, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेले. चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाट पूर्वी तिसऱ्या गिअरवर चढायची, आता दुसरा टाकावा लागतो आणि तरीही गाडी ओढत नाही. जोरात ॲक्सिलरेटर दिला की मागून काळा धूर येतो. गेल्या महिन्यात चेक लाइट लागला, स्कॅनर लावल्यावर पी०२९९ हा कोड निघाला. गॅरेजवाल्याने 'टर्बो गेला' असं सांगून पन्नास हजारांच्या पुढचा आकडा दिला. आता टर्बो बदलायचा का, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर: आत्ता नको. टर्बो गेलेला असूच शकत नाही असं मी म्हणत नाही. पण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत टर्बो गेल्याचा एकही पुरावा नाही. निळा धूर नाही, इंजिन ऑइल कमी होत नाही, सायरनसारखा चढत जाणारा आवाज नाही. टर्बोच्या हवेचं प्रेशर कमी आहे आणि काळा धूर आहे, इतकंच कळतंय. मी कोल्हापुरात २३ वर्षं डिझेल गाड्यांचं काम करतो. ही दोन लक्षणं घेऊन आलेल्या गाड्यांत माझ्याकडे तरी बहुतेक वेळा टर्बो शाबूत निघाला आणि दोष दुसरीकडेच सापडला.

पी०२९९ चा अर्थ एवढाच, की ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने, जेवढं प्रेशर मागितलं तेवढं मिळालं नाही. का मिळालं नाही, हे त्या कोडला माहीत नसतं. उसाच्या शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचत नसेल तर शेतकरी पहिल्यांदा विहिरीतून मोटार वर काढत नाही. तो आधी पाइपलाइनवरून चालत जातो, जॉइंट बघतो, व्हॉल्व्ह बघतो. टर्बो म्हणजे हवेची मोटार. तिला फिरवायला एक्झॉस्टचा गॅस लागतो, तिला हुकूम द्यायला व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, लागतो आणि तिने दाबलेली हवा इंजिनपर्यंत न्यायला पाइप लागतात. या तिन्हींपैकी काहीही बिघडलं तरी तोच कोड येतो.

काही गोष्टी गाडीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. १.३ लिटरच्या या इंजिनात ७५ पीएसवाल्याला साधा, वेस्टगेटचा टर्बो असतो आणि ९० पीएसवाल्याला व्हीजीटी, म्हणजे आत हलती पाती असलेला टर्बो. तुमचा व्हीजीटी आहे, म्हणून पुढचं सगळं त्याच्या हिशोबाने लिहितो. गाडी बीएस६ असती, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबलाय का हे मी फार आधी बघायला सांगितलं असतं. तुमच्या गाडीला डीपीएफ नाही, त्यामुळे तो विषय इथेच संपला.

आता मी गिऱ्हाइकाला बॉनेट उघडायच्या आधी जे विचारतो ते तुम्हालाही विचारतो. हे अचानक झालं की हळूहळू? एका दिवसात फरक पडला असेल तर पाइप निसटलाय किंवा फाटलाय. सहा महिने हळूहळू वाढत गेलं असेल तर काजळी, एखादी चीर किंवा तुंबलेला फिल्टर. सकाळी गाडी बरी चालते आणि अर्ध्या तासाने बसते का? तसं असेल तर मी व्हॅक्यूमच्या नळ्यांकडे जातो. मध्येच ताकद जाते आणि गाडी बंद करून परत चालू केली की ठीक होते का? मग ईसीयूच गाडीला सेफ मोडमध्ये टाकतोय आणि पाती कुठेतरी अडकून सुटतायत, असा माझा पहिला संशय. आणि शेवटचा प्रश्न, जो लोकांना फालतू वाटतो: त्रास सुरू व्हायच्या आधी सर्व्हिसिंग झालं होतं का? एअर फिल्टर बदलताना पाइप नीट न बसवणं, क्लॅम्प अर्धवट आवळणं, छोटी नळी जागेवर लावायची राहून जाणं, हे चांगल्या माणसाच्या हातूनही होतं.

तुमच्या लिहिण्यात मला सगळ्यात उपयोगी वाटली ती काळ्या धुराची माहिती. तिच्यावरून बरंच कळतं. एअर फिल्टरच्या लगेच पुढे एअर फ्लो सेन्सर असतो. आत किती हवा गेली हे तो मोजतो आणि ती मोजलेली हवा धरून ईसीयू डिझेलची मर्यादा ठरवतो. समजा टर्बोच्या पुढचा पाइप फाटलाय. हवा सेन्सरवर मोजली गेली, टर्बोने दाबली आणि इंजिनात पोचायच्या आधी वाटेतच बाहेर गेली. ईसीयूच्या हिशोबात ती हवा आहे, सिलिंडरमध्ये नाही. डिझेल जास्त, हवा कमी, म्हणून काळा धूर. आता उलट बाजू. पाती अडकलीयत किंवा व्हॅक्यूम पोचत नाही, म्हणून टर्बो कामच करत नाही. मग हवा सेन्सरपाशीच कमी येते, ईसीयूला ते दिसतं, तो डिझेल आखडता घेतो. गाडी मेल्यासारखी चालते, पण धूर फारसा नसतो. म्हणून तुमच्या धुरावरून माझा पहिला संशय पाइपवर आहे. ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा एक्झॉस्ट गॅस परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकला किंवा इंजेक्टर गळायला लागले तरी काळा धूर येतो, त्यामुळे यावर शिक्का मारत नाही. पण सुरुवात कुठून करायची ते ठरलं.

सुरुवात करायची मोजून. गाडीच्या स्कॅनरच्या सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर बाजारात हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि फोनवरचं साधं ॲप पुरतं. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा आणि मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा बघा. इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवला पाहिजे. चिपळूणला तो १०० किलोपास्कलच्या आसपास येईल, कराडला ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला गेलात तर ८६. तुमचा रस्ताच असा आहे की एकाच दिवशी दोन्हीकडे बघता येईल. कराडला उभ्या गाडीत तो ८५ किंवा १०५ दाखवत असेल तर आधी सेन्सरच काढून बघा. त्याच्या टोकावर काजळी आणि ऑइलचा चिकट थर बसलेला असतो. तो साफ केल्यावर ठीक झालेल्या गाड्या मी पाहिल्यायत, आणि त्यातल्या दोघांच्या मालकांना टर्बोचं कोटेशन मिळालेलं होतं.

एक घोळ इथेच मिटवतो. फोनवर दिसतो तो एकूण दाब, त्यात बाहेरच्या हवेचा दाब धरलेला असतो. कराडला फोनवर २०० दिसलं तर टर्बोने वाढवलेला दाब १०५, म्हणजे एक बारच्या थोडा वर. २०० बघून 'दोन बार बूस्ट येतोय' असं समजू नका.

मग रस्त्यावर. गाडी गरम झाली की सपाट, मोकळा रस्ता निवडा. घाटात हे करू नका आणि एकट्याने तर नकोच. फोन शेजारी बसलेल्याच्या हातात. तिसरा गिअर, १५०० आरपीएम, तिथून पूर्ण ॲक्सिलरेटर, ३५०० पर्यंत. ॲपमध्ये तीनच आकडे ठेवा: आरपीएम, मॅप आणि एअर फ्लो. जास्त ठेवले तर स्वस्त अडॅप्टर दमतो आणि आकडे उशिरा बदलतात. अशा छोट्या व्हीजीटी डिझेलमध्ये २००० ते २५०० च्या दरम्यान मॅप २०० च्या वर जायला हवा, असा माझा ठोकताळा. पण खरा निकष म्हणजे त्या क्षणी ईसीयू किती मागतोय आणि किती मिळतंय. मागितलेलं आणि मिळालेलं, हे दोन्ही आकडे गॅरेजच्या चांगल्या स्कॅनरवर शेजारी शेजारी दिसतात. तुमच्या गॅरेजवाल्याने कोड वाचला, पण हे आकडे बघितले का, हे त्याला नक्की विचारा.

आकडे कसे चढतात त्यावरूनही कळतं. खाली २००० पर्यंत काहीच नाही आणि ३००० च्या पुढे प्रेशर थोडं थोडं येतं, तर पाती मिटत नाहीयत. ती मिटायला व्हॅक्यूम लागतो, म्हणून आधी व्हॅक्यूम बघायचा, मग काजळी. प्रेशर बऱ्यापैकी चढतं पण एका आकड्याच्या वर जातच नाही आणि धूर सुटतो, तर गळती. दाब वाढेल तशी चीर जास्त उघडते, म्हणून ते तिथेच थांबतं. खाली गाडी छान ओढते आणि वर गुदमरते, तर एअर फिल्टर, डिझेल फिल्टर किंवा तुंबलेला एक्झॉस्ट बघायचा. आणि प्रेशर गरजेपेक्षा जास्त चढून मग एकदम ताकद गेली, तर तो वेगळा आजार, त्याला पी०२३४ येतो. तुमचा तो नाही.

आता पाइप. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंत, एक आणि इंटरकूलरपासून इंजिनपर्यंत दुसरा. लोक बॉनेट उघडतात, वरून बघतात, पाइप काळा तुकतुकीत दिसतो, झालं समाधान. चीर वरच्या बाजूला फार क्वचित असते. ती असते खाली, जिथे पाइप वळतो, किंवा क्लॅम्पच्या कडेला जिथे रबर रोज दाबलं जातं. गाडी रॅम्पवर घ्या, खालून बॅटरी मारा आणि ऑइल शोधा. टर्बोच्या हवेत ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, येणारं थोडं ऑइल नेहमीच असतं. जिथून हवा सुटते तिथून ते ऑइलही बारीक फवाऱ्यासारखं बाहेर पडतं आणि त्यावर धूळ बसते. पाइपच्या पोटाला पसरलेला काळा, ओलसर डाग दिसला की तिथे अंगठा ठेवा आणि रबर दोन्ही हातांनी वाकवा. हात सोडला की चीर मिटते आणि पाइप अखंड दिसतो. वाकवला की ती ओठांसारखी उघडते. नुसतं बघून सोडून दिलेले किती पाइप मी असे उघडून दाखवलेत! उभ्या गाडीत ती चीर बंद असते. लोड आला, इंजिन माउंटिंगवर हललं आणि आत एक बार दाब आला की उघडते.

डोळ्यांना सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट. यात एक चूक फार होते, म्हणून नीट लिहितो. टर्बोच्या तोंडाशी, एअर फिल्टरकडच्या बाजूला, बूच लावून हवा भरतात. पण तिथेच इंजिनचा ब्रीदर पाइप येऊन मिळतो. तो बंद न करता हवा भरली तर ती क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या पोटात, जाते आणि ऑइल सील बाहेर ढकलले जाण्याची भीती असते. म्हणून मी टर्बोच्या पुढचा पाइप सोडवतो, तिथे बूच लावतो आणि फक्त पाइप आणि इंटरकूलरची बाजू तपासतो. रेग्युलेटर लावून एक बारपर्यंतच. टायरची हवा भरायच्या नळीने थेट दाब सोडायचा नाही. साबणाचं पाणी शिंपडलं की बुडबुडे जागा दाखवतात. फुस्स आवाज इंटरकूलरच्या कोपऱ्यातून आला तर प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी यांच्या जोडाकडे बघा. तो जोड वयानुसार सैल होतो. थोडी हवा इंजिनच्या उघड्या व्हॉल्व्हमधून सायलेन्सरकडे जाणारच, तिला गळती समजू नका.

पाइप बदलायची वेळ आली तर जुन्याला चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका. घरी पोचण्यापुरतं ठीक. ऑइल लागलेल्या रबरावर काहीच चिकटून राहत नाही. नवीन पाइप बसवताना आतून आणि कडेला ऑइल पूर्ण पुसून घ्या, नाहीतर नवा क्लॅम्पसुद्धा पाइपला धरून ठेवत नाही आणि पहिल्याच घाटात तो निसटतो.

पाइप शाबूत निघाले तर व्हॅक्यूम. बागेला पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार जोरात जाते. व्हीजीटीची पाती तेच करतात. इंजिन हळू फिरत असताना एक्झॉस्ट गॅस कमी असतो, तेव्हा पाती मिटून वाट अरुंद करतात आणि गॅस वेगाने टर्बाइनवर आदळतो. तुमच्या वयाच्या बहुतेक गाड्यांत ही पाती व्हॅक्यूमवर हलतात. इंजिनवरचा व्हॅक्यूम पंप, तोच जो ब्रेकलाही व्हॅक्यूम देतो, तिथून एक बारीक रबरी नळी सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हला, जाते. ईसीयूच्या सांगण्याप्रमाणे सोलेनॉइड त्यातला थोडा किंवा जास्त व्हॅक्यूम टर्बोवरच्या डब्याला, म्हणजे ॲक्च्युएटरला, देतो. तो एक दांडी ओढतो आणि पाती मिटतात. व्हॅक्यूम नाही तर पाती उघडी. म्हणून दहा रुपयांची नळी निघाली तरी गाडी घाटात मरते.

घरच्या घरी होणारी तपासणी अशी: थंड इंजिन, एकाने गाडी चालू करायची, दुसऱ्याने बॅटरी मारून ॲक्च्युएटरची दांडी बघायची. हात आणि कपडे बेल्टपासून लांब. चालू होताच दांडी ओढली गेली पाहिजे आणि बंद केल्यावर परत आपल्या जागी यायला हवी. हललीच नाही तर ॲक्च्युएटरवरची नळी काढा आणि चालू इंजिनला तिच्या टोकावर बोट ठेवा, ओढ लागते का बघा. ओढ आहे पण दांडी हलत नाही, तर ॲक्च्युएटरचा पडदा फाटलाय किंवा आत पाती अडकलीयत. ओढच नाही, तर उलट्या दिशेने पंपापर्यंत चालत जा.

चार-पाच वर्षांपूर्वी माझ्याकडे तुमच्यासारखीच एक गाडी आली होती. मालक निवृत्त शिक्षक. चार महिन्यांपूर्वी दुसरीकडे नवीन टर्बो बसवलेला आणि दोन दिवसांत त्रास परत सुरू. मी रस्त्यावर घेतली तर गाडी मस्त पळाली. ते म्हणाले, 'थांबा, अर्धा तास होऊ द्या.' आणि खरोखर, शिरोलीपासून पुढे गेलो आणि गाडीतला जीव गेला. गॅरेजमध्ये परत आणून गरम असतानाच पंपापासून नळी चाचपत गेलो. ईजीआर कूलरच्या मागे नळीचा वीतभर भाग ऑइलने भिजून मऊ पडला होता, उकडलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा. इंजिन चालू केलं की व्हॅक्यूमने तिच्या दोन्ही भिंती आत ओढल्या जाऊन चिकटायच्या आणि वाट बंद. थंड झाली की नळी परत गोल. फाटलेली नव्हती, म्हणून कुणाला दिसली नाही. मीटरभर नवीन नळी शंभर रुपयांच्या आत आली. त्यांचा जुना टर्बो डिकीत खोक्यात होता. तो उघडून शाफ्ट हलवून पाहिला, पात्यांना खरचटसुद्धा नव्हतं. त्यांनी तो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि काहीच बोलले नाहीत. त्या दिवसापासून पाइप आणि नळ्या तपासल्याशिवाय मी कुणालाही टर्बोचा आकडा सांगत नाही.

सोलेनॉइडबद्दल थोडंसं. तो बिघडला तर बहुतेक वेळा त्याचा वेगळा कोडही येतो, पण आत धूळ जाऊन अर्धवट काम करत असेल तर येत नाही. हातपंपाने ॲक्च्युएटरला थेट व्हॅक्यूम देऊन दांडी पूर्ण हलते का आणि सोडेपर्यंत टिकते का हे बघितलं की सोलेनॉइड दोषी की पुढचा भाग, ते वेगळं होतं. काही जण पंपाची नळी थेट ॲक्च्युएटरला जोडून गाडी चालवतात. 'बघा, आली ताकद!' म्हणतात. ताकद येतेच, पण मग पाती कायम मिटलेली राहतात, वर प्रेशरला कुणी लगाम घालत नाही आणि खराच टर्बो मरतो. उभ्या गाडीत क्षणभर तपासायला ठीक, रस्त्यावर न्यायची नाही.

दांडी हातपंपावर झटके देत हलली किंवा मध्येच अडली, तर पात्यांवर काजळी बसलीय. गावात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या, कधीच मोकळ्या रस्त्यावर न जाणाऱ्या गाड्यांत हे जास्त. तुमची गाडी दर महिन्याला घाट चढते, म्हणून मी याला खालचा नंबर देतो. हे निघालंच तर टर्बो उतरवून, उघडून साफ करता येतो, पूर्ण बदलायची गरज नसते. नळीतून स्प्रे मारून होणाऱ्या सफाईवर माझा विश्वास नाही. काजळी सुटून एका बाजूची पाती मोकळी होतात, दुसऱ्या बाजूची तशीच राहतात. आणि सफाई करणाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगा: दांडीजवळचा, रंगाची खूण असलेला स्टॉप स्क्रू आणि ॲक्च्युएटरच्या दांडीची लांबी यांना हात लावायचा नाही. ते कारखान्यात मशीनवर हवा मोजून लावलेले असतात. अंदाजाने फिरवले की मग ते प्रेशर कधीच नीट बसत नाही.

एक्झॉस्टची बाजू पटकन. मॅनिफोल्डचा गॅस्केट फुटला असेल तर थंड गाडीत टिक-टिक आवाज येतो आणि जोडाला काजळीचा पट्टा दिसतो. टर्बोला मिळायचा गॅस तिथून जातो. ईजीआर उघडा अडकला तरी तेच, पण तेव्हा एअर फ्लोचा आकडा आयडलिंगलाच कमी दिसतो आणि गाडी खडखडते. आणि डिझेल फिल्टर विसरू नका. डिझेल कमी गेलं तर गॅस कमी, गॅस कमी तर टर्बो मंद. धूर मात्र येत नाही, म्हणून तुमच्या बाबतीत तो शेवटी. पण १ लाख ३८ हजारांत तो शेवटचा कधी बदलला, हे आठवत नसेल तर बदलून टाका.

एवढं सगळं बघूनही काही निघालं नाही तर मग टर्बोवर या. आत जाणारा पाइप काढा आणि शाफ्टचं नाक दोन बोटांत धरा. आडवं थोडंसं हलणं चालतं, कारण तो शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो आणि बंद गाडीत तो थर नसतो. पण पुढे-मागे, म्हणजे लांबीच्या दिशेने, बोटांना स्पष्ट खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. शाफ्टवरच्या चाकाच्या पात्यांची टोकं घासून चकाकतायत, किंवा आडवं हलवताना ती टर्बोच्या घराला टेकतायत, तर टर्बो बदलावाच लागेल, मग वाद नको. पाइपमध्ये ऑइलचा पातळ थर असणं ठीक. पाइप वाकडा केल्यावर ऑइल ओघळत असेल तर ठीक नाही.

आणि टर्बो बदलायचीच वेळ आली, तर तो का मेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू देऊ नका. हे छोटे टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतात आणि त्यांना तारतं ते फक्त ऑइल. ऑइलची आत येणारी बारीक पाइप जळलेल्या ऑइलने आतून अर्धी बंद झालेली असते. ती साफ करून भागत नाही, नवीन घ्या. परतीची नळी मोकळी आहे का बघा, इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल आणि धातूचे कण धुऊन काढा. बसवल्यावर चालू करायच्या आधी टर्बोत हाताने ऑइल भरा. इंटरकूलर न धुता बसवलेला नवा टर्बो आणि वर उरलेलं जुनं ऑइल, यातून एक मोठा धोका उभा राहतो: गाडी ते ऑइलच डिझेलसारखं पिते, आरपीएम आपोआप वाढत जातात आणि चावी काढली तरी इंजिन थांबत नाही. असं कधी झालंच, तर ब्रेक घट्ट दाबून पाचवा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. बॉनेट उघडून समोर उभे राहू नका.

तर तुमच्यासाठी क्रम असा. आधी चावी ऑन करून मॅपचा आकडा आणि रस्त्यावरचे तीन आकडे. मग खालून पाइप आणि इंटरकूलर, त्यानंतर दांडी आणि व्हॅक्यूमच्या नळ्या, गरम असताना एकदा चाचपून. मग ईजीआर आणि फिल्टर. टर्बो उतरवायचा पाना सगळ्यात शेवटी. पहिले तीन टप्पे चांगल्या माणसाच्या हातात अर्ध्या दिवसाचं काम आहे. तुमच्या गॅरेजवाल्याशी भांडू नका. 'तपासणीची मजुरी मी देतो, पण आधी पाइपची प्रेशर टेस्ट करून दाखवा' एवढं म्हणा. जो माणूस मजुरी घेऊन हे करायला तयार होतो त्याच्याकडेच पुढचं काम द्या.

तुम्ही शेवटी विचारलंय, की तोवर गाडी वापरू का. ऑइलची पातळी दर आठवड्याला बघा. ती जागेवर असेल, निळा धूर नसेल आणि आवाज बदलला नसेल, तर रोजच्या कामाला चालवा, पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. हवा वाटेत गळत असेल तर मागितलेलं प्रेशर गाठण्यासाठी टर्बो नेहमीपेक्षा जास्त वेगाने फिरत राहतो, आणि फाटका पाइप तसाच ठेवून वर्षभर घाट चढवला की आज शाबूत असलेला टर्बो खरंच जातो. कुंभार्ली दुसऱ्या गिअरवरच चढा, वर पोचल्यावर लगेच चावी फिरवू नका, अर्धा-एक मिनिट गाडी आयडलला ठेवा. आकडे घेतलेत की ते मला कळवा: चावी ऑनचा मॅप, २००० आणि ३००० आरपीएमचा मॅप, आणि दांडी हलली की नाही. एवढ्यावरून पुढचं सांगता येईल.